झेब्रा रंगवण्याआधी कोपरा मोकळा करा

एक गाडी ताशी ३० किलोमीटरने येतेय, दुसरी ५० ने. दोन्हींच्या समोर १४ मीटरवर एक मूल रस्त्यात उतरतं. मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात पहिली गाडी ८ मीटर पुढे येते आणि रस्ता कोरडा असेल तर आणखी ५ मीटरमध्ये उभी राहते, मुलाच्या हातभर अलीकडे. दुसरी त्याच सेकंदात १४ मीटर येते. म्हणजे ब्रेक लागायच्या आत ती मुलापाशी पोचलेली असते, पूर्ण वेगात. वेग वीसनेच जास्त आहे, पण धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तो जवळपास २.८ पट.

आपल्या रस्त्यावर काही करायचं म्हणून रहिवासी एकत्र येतात तेव्हा हे गणित आधी फळ्यावर लिहावं. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक सूचनेला एकच प्रश्न विचारायचा: याने गाडीचा वेग कमी होतो का, चालणारा माणूस लवकर दिसतो का, की त्याला रस्त्यात कमी वेळ काढावा लागतो? तिन्हींना उत्तर ‘नाही’ असेल तर ती सजावट आहे. सजावटीला विरोध नाही, पण तिच्यावर लोकांचा पहिला उत्साह खर्च होऊ देऊ नये. तो उत्साह पुन्हा जमवणं फार अवघड असतं.

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतात ते झेब्रा पट्टे. इथेच थोडं थांबावं. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने २००५ मध्ये एका मोठ्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. ३० शहरांतल्या सिग्नल नसलेल्या १,००० पट्टे रंगवलेल्या आणि १,००० न रंगवलेल्या जागा त्यात ताडून पाहिल्या होत्या. दोन पदरी रस्त्यांवर पट्ट्यांमुळे अपघातांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. आणि दिवसाला १२,००० पेक्षा जास्त गाड्या जाणाऱ्या बहुपदरी रस्त्यांवर, बाकी कसलाही बदल न करता फक्त पट्टे मारले होते तिथे पादचाऱ्यांचे अपघात जास्त होते. याचं एक मोठं कारण समजायला सोपं आहे. कडेच्या पदरातली गाडी सभ्यपणे थांबते, तिच्या आडून माणूस पुढे येतो, आणि शेजारच्या पदरातून येणाऱ्या चालकाला तो शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाही. म्हणून रस्ता एका दिशेला एकाहून जास्त पदरांचा असेल तर नुसते पट्टे मारू नका. तिथे सिग्नल, मध्ये थांबायला बेट किंवा पदर कमी करणं हेच उपाय, आणि ते रस्त्याच्या मालकाकडूनच करून घ्यावे लागतात. खालचं सगळं गल्लीबोळांसाठी आणि वस्तीतल्या दोन पदरी रस्त्यांसाठी आहे.

आता कोपरा. ओलांडायच्या जागेच्या आधीचे ६ मीटर, ज्या बाजूने गाड्या येतात त्या बाजूचे, हा सगळ्या रस्त्यातला सर्वांत मोलाचा तुकडा. तिथे गाडी उभी असेल तर तिच्या आडून येणारं मूल चालकाला तेव्हाच दिसतं, जेव्हा ते उभ्या गाडीच्या बाहेरच्या कडेला पोचलेलं असतं. तिथून धावत्या चाकापर्यंत मीटरभरच अंतर उरतं. म्हणजे मुलाचा एका सेकंदाचा रस्ता, आणि पाय ब्रेकवर जायलाही तेवढाच वेळ लागतो. कॅलिफोर्नियात २०२५ पासून पट्टे असोत वा नसोत, ओलांडायच्या जागेआधी २० फुटांत, म्हणजे साधारण ६ मीटरांत, गाडी उभी करायला बंदी आहे. न्यू जर्सीतल्या होबोकेन शहराने वर्षानुवर्षं कोपरे मोकळे ठेवायचं काम लावून धरलं. तिथे २०१७ च्या जानेवारीनंतर सलग सात वर्षं रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. वेगमर्यादा उतरवणं, सिग्नल बदलणं हेही त्यांनी केलं, त्यामुळे सगळं श्रेय कोपऱ्यांना देता येणार नाही. पण सर्वांत स्वस्त काम तेच होतं.

कोपरा आंधळा आहे की नाही हे वाद घालून ठरत नाही, फोटोने ठरतं. मूल जिथे उभं राहून बघतं तिथे, पदपथाच्या कडेला, फोन जमिनीपासून १ मीटरवर धरा आणि गाड्या येतात त्या दिशेला फोटो काढा. येणाऱ्या गाडीचे दिवे फोटोत दिसत नसतील तर चालकालाही मूल दिसत नाही. मग कोपऱ्यापासून ६ मीटर मोजा, खडूने रेघ मारा, त्या भागात एकही गाडी नसताना तिथूनच दुसरा फोटो काढा. हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले की सभेत गाडी लावायची जागा जाते म्हणून कुरकुरणाऱ्यांशी बोलणं निम्म्याने सोपं होतं.

जागा मोकळी झाली की ती मोकळी राहील याची सोय त्याच दिवशी करा. नुसत्या रंगवलेल्या चौकटीत दुसऱ्याच सकाळी गाडी येऊन उभी राहते. सायकलींचा स्टँड उत्तम, कारण उभ्या सायकलींच्या आरपार दिसतं. कुंड्या चालतील, पण झाडासकट उंची ६० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. मूल गाडीआडून काढून झुडपाआड लपवण्यात अर्थ नाही, आणि पावसाळ्यानंतर झाडं किती वाढतात हे लावताना कुणाच्या लक्षात राहत नाही.

कोपऱ्याचा दुसरा दोष म्हणजे त्याचा गोलवा. वळण जितकं प्रशस्त, तितकी गाडी न थांबता वळते, आणि वळताना चालकाची नजर चालणाऱ्यांकडे नसते, येणाऱ्या गाड्यांकडे असते. चाकांच्या मार्गाची त्रिज्या १२ मीटर असेल तर बसलेल्या माणसाला फारसा हिसका न बसता ताशी २१ च्या आसपास वळता येतं. त्रिज्या ५ मीटरवर आणली की तोच वेग १४ वर येतो. लक्षात घ्या, ही त्रिज्या चाकांच्या मार्गाची आहे, पदपथाच्या कडेची नाही. कडेला गाड्या उभ्या राहत असतील तर चाकं कडेपासून दोन मीटर लांबून फिरतात आणि प्रत्यक्षातलं वळण दिसतं त्याहून मोठं असतं. कोपरा त्या दोन मीटरांत पुढे आणला तर वळण आवळतं आणि शिवाय ओलांडायचं अंतर कमी होतं. ९ मीटर रुंद रस्त्यावर दोन्हीकडून दोन-दोन मीटर घेतले की ५ उरतात. ताशी ३ किलोमीटरने चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ९ मीटरला ११ सेकंद लागतात, ५ मीटरला ६.

कोपरा किती पुढे आणता येईल हे रस्ता स्वतःच सांगतो. बर्फ पडणाऱ्या शहरांत लोक बर्फानंतर चौकाचे फोटो काढतात. चाकं जिथे फिरतच नाहीत तिथे बर्फ तसाच साचून राहतो, आणि गाड्यांना न लागणारी जागा पांढऱ्या रंगात आखलेली मिळते. इंग्रजीत या साचलेल्या कोपऱ्यांना ‘स्नेकडाउन’ म्हणतात. बर्फ नसेल तिथे धूळ, वाळू आणि पालापाचोळा हेच सांगतो. आठवडाभर झाडलोट न झालेल्या चौकाचा वरच्या मजल्यावरून सकाळी काढलेला फोटो बघा: डांबर काळं चकचकीत आहे तिथून चाकं जातात, मातकट आहे तो भाग कुणालाच लागत नाही. त्या मातकट भागाची कड खडूने आखा, आखणीवर प्लास्टिकचे शंकू ठेवा आणि कचऱ्याचा मोठा ट्रक वळेपर्यंत थांबा. पुढची नाही, मागची चाकं बघायची. लांब गाडीची मागची चाकं नेहमी आतून काप घेतात. शंकू आडवा झाला तर रेघ अर्धा मीटर मागे घ्या आणि पुन्हा बघा. अग्निशमन दलाची गाडी आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी दलाला विचारूनच शेवटची रेघ ठरवावी. त्यांनी हरकत घेतली तर ती खरी मानायची. त्या गाडीची वाट बघणाराही आपलाच शेजारी असतो.

हे सगळं सुरू करण्याआधी मोजमाप. ते नंतर करता येत नाही, आणि ते नसेल तर तुमचं म्हणणं म्हणजे एक मत होऊन राहतं. रस्त्यावर ३० मीटर अंतराने खडूच्या दोन रेघा मारा. गाडी एका रेघेवरून दुसरीवर जायला लागलेल्या सेकंदांनी १०८ ला भागलं की ताशी वेग मिळतो: २.१६ सेकंद म्हणजे ५०. हातातल्या स्टॉपवॉचवर विसंबू नका. अंगठा दोन दशांश सेकंद इकडेतिकडे झाला की तीच गाडी ४६ ची किंवा ५५ ची होते. फोन स्थिर टेकवून व्हिडिओ घ्या आणि नंतर एकेक चित्र पुढे सरकवत वेळ वाचा. सेकंदाला ३० चित्रं धरून, चित्रं मोजून ३० ने भागायची युक्ती टाळा, कारण बरेच फोन उजेड कमी झाला की चित्रांचा वेग आपोआप बदलतात. व्हिडिओतली वेळेची नोंदच वापरा. फोन जितका लांब आणि उंच तितकं बरं, आणि प्रत्येक गाडीचं पुढचंच चाक रेघेवर पकडायचं. मोजणारे लोक गाडीवाल्यांना दिसता कामा नयेत. चकाकणारं जाकीट घालून रस्त्यालगत उभे राहिलात तर सगळे वेग कमी करतात आणि रस्ता सुरक्षित असल्याचा पुरावा तुम्हीच तयार करता.

मोकळ्या धावणाऱ्या १०० गाड्या मोजा. पुढच्या गाडीमागे अडकलेल्या सोडून द्या. वेग चढत्या क्रमाने लावले की ८५ वा आकडा महत्त्वाचा. वाहतूक अभियंते सरासरीपेक्षा त्याकडे बघतात, त्यामुळे अर्जात तोच लिहा. सोबत आणखी एक मोजणी करा: किती गाड्या थांबतात? ओलांडायच्या जागेआधी ४५ मीटरवर खूण करा. माणसाने पाय पुढे टाकला तेव्हा जी गाडी त्या खुणेच्या पलीकडे होती तीच मोजायची, कारण ५० ने येणाऱ्यालाही तिथून आरामात थांबता येतं. खुणेच्या आत आलेल्या गाडीला ‘थांबला नाही’ म्हणणं अन्याय आहे, आणि असे आकडे कुणी तपासले तर सगळी वही निकालात निघते.

रंगकाम दिसायला सोपं, बिघडायला त्याहून सोपं. भिंतीचा उरलेला रंग वापरू नका. तो ओला झाला की घसरतो, आणि ब्रेक दाबत वळणाऱ्या दुचाकीखाली असा घसरता पट्टा देणं हा गुन्हाच आहे. रस्त्याचाच रंग आणा, आणि मोठा भाग रंगवायचा असेल तर त्यात बारीक घसरणरोधक वाळू घाला. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. सुमारे ०.३८ मिलिमीटर ओला थर धरला तर एक लिटर २.६ चौरस मीटरला पुरतो. ९ मीटर रुंद रस्त्यावर अर्धा मीटर रुंद, ३ मीटर लांब असे नऊ पट्टे, मध्ये अर्ध्या मीटरच्या फटी: साडेतेरा चौरस मीटर, म्हणजे सव्वापाच लिटर. हिशोबात सहा धरा. खडबडीत डांबर जास्त पितं. पट्टे आखताना चाकांच्या वाटा फटींवर येतील असं बघितलं तर रंग कितीतरी जास्त टिकतो.

रंग सुटतो तो बहुतेक वेळा धुळीमुळे. झाडून भागत नाही. कडक ब्रशने घासा, पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. डांबर वरून कोरडं दिसलं तरी खड्ड्यांत ओल असते. प्लास्टिकचा तुकडा कडा चिकटवून तासभर ठेवा, आतून दव धरलं तर थांबा. नवं डांबर असेल तर महिनाभर तरी रंगवू नये, खालचं तेल वर येऊन पांढरा पिवळा पडतो. रात्री पट्टे उजळतात ते रंगाने नव्हे, वर पेरलेल्या काचमण्यांनी, आणि ते रंग ओला असतानाच, रोलर पुढे सरकला की लगेच मागून पेरायचे. मणी अर्ध्याहून किंचित जास्त रुतला पाहिजे. रंग सुकत आल्यावर पेरलेले मणी पहिल्या पावसात वाहून जातात, आणि फार पातळ रंगात टाकलेले पूर्ण बुडून आंधळे होतात. रंगवणाऱ्यांच्या आधी ३० मीटरपासून तिरक्या ओळीत शंकू लावा. एका माणसाच्या हातात ब्रश द्यायचा नाही. त्याने फक्त येणाऱ्या गाड्यांकडे बघायचं आणि ओरडायचं.

पुढे आणलेल्या कोपऱ्याच्या रेघेवर लवचिक, म्हणजे गाडी लागली तर वाकणारे, खांब लावताना अंतर दीड मीटरपेक्षा जास्त ठेवलं तर मध्ये गाडी शिरते. मात्र चाकाच्या खुर्चीची वाट जिथे आहे तिथे १.२ मीटर सलग मोकळे हवेत. बूड चिकटवायला बिट्युमेनची (डांबरी) किंवा ब्यूटाइलची (चिकट रबराची) गादी वापरली तर उष्णता देऊन खांब पुन्हा काढता येतो. बोल्ट मारले की रस्त्याला कायमची भोकं पडतात, आणि खांब तुटल्यावर उरलेलं लोखंडी बूड चालणाऱ्याच्याच पायात येतं. पाणी जायच्या कडेला १५–२० सेंटिमीटर जागा सोडा. पहिल्याच पावसात चौक तुंबला तर तुमचं सगळं काम उखडायला तेवढं निमित्त पुरतं. दगड, विटांची भिंत, काँक्रीट भरलेली पिंपं कधीही नकोत. अंधारात दुचाकीवाला त्यावर आदळला तर मरतो, आणि आपण माणसं वाचवायला निघालो होतो.

याच कारणासाठी घरगुती गतिरोधकाविषयी स्पष्ट लिहिणं भाग आहे. अपघात झाला की लोक संतापाने रात्रीत सिमेंटचा उंचवटा घालतात. तो संताप समजतो. पण ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात तयार झालेला आणि जगभर वापरला गेलेला उंचवटा प्रवासाच्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि ७.५ ते १० सेंटिमीटर उंच असतो. हातभर रुंद, वीतभर उंच कठडा ही वेगळीच वस्तू आहे. चारचाकी त्यावरून वेगात गेली तर स्प्रिंगच धक्का गिळतात आणि ती तशीच सुटते. दुचाकीवरची मागे बसलेली बाई मात्र उडते. खाली रंग नाही, आधी फलक नाही, वर दिवा नाही, मग बघायलाच नको. गतिरोधक हवा असेल तर मोजमापाची वही घेऊन रस्ते खात्याकडे जा. स्वतः घालू नका, आणि कुणी घातला असेल तर त्यावर पांढरा-पिवळा रंग आणि आधी फलक लागेपर्यंत स्वस्थ बसू नका.

दिव्याबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. खांबावरचा दिवा ओलांडायच्या जागेच्या किंचित अलीकडे, गाडी येते त्या बाजूला असला तर माणसाचा चेहरा आणि कपडे उजळतात. तो पलीकडे असेल तर चालकाला नुसती काळी आकृती दिसते. दिवा हलवता येत नसला तरी त्याच्यासमोर आलेली फांदी छाटून घेता येते, आणि बंद दिव्याची तक्रार खांबाचा क्रमांक देऊन करता येते. क्रमांकाशिवाय केलेली तक्रार फिरत राहते.

परवानगी. बहुतेक ठिकाणी रस्त्यावर परस्पर खुणा करणं बेकायदेशीर आहे, आणि तुमच्या खांबावर कुणी पडलं तर जबाबदारी तुमच्यावर येते. तरीही लोकांनी आधी करून दाखवलं आणि मग कायदा मागून आला अशी उदाहरणं आहेत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस वस्तीतल्या रस्त्यांवर गाड्यांनी पाहुण्यासारखं हळू जावं अशी रचना रुजली. ‘वोनेर्फ’ या नावाने तिला १९७६ मध्ये देशाच्या कायद्यात जागा मिळाली. अमेरिकेतल्या सिएटल शहराचं २०१३ चं उदाहरण तर शिकण्यासारखं आहे. काही लोकांनी नावं न सांगता चेरी स्ट्रीटवरच्या सायकल पट्टीच्या कडेला लवचिक खांब लावले आणि शहराला पत्र लिहून कळवलं: खांब गोंदाने चिकटवलेत, सहज निघतील. शहराने ते काढले, पण त्यांच्या वाहतूक अभियंत्याने चिडून नव्हे, आभार मानून उत्तर दिलं, आणि पुढे तिथे शहरानेच कायमचे खांब बसवले. त्या पत्राकडे नीट बघा. काय लावलं, का लावलं आणि कसं काढायचं हे त्यांनी आपणहून सांगितलं होतं. समोरच्या अधिकाऱ्याला बचावाच्या पवित्र्यात न ढकलता निर्णय घ्यायला जागा ठेवली होती.

त्यामुळे पहिला अर्ज कायमच्या कामाचा करू नका. ‘३० दिवसांची चाचणी’ मागा. सोबत एक पानी आराखडा, दोन फोटो, १०० गाड्यांचा ८५ वा आकडा, काय वापरणार त्याची यादी, आणि तक्रार आली तर २४ तासांत सगळं काढून घेणाऱ्या दोघांचे फोन नंबर. नकार द्यायला अधिकाऱ्याला कारण शोधावं लागलं पाहिजे.

तीस दिवसांनी त्याच वाराला, त्याच वेळी, त्याच दोन रेघांवर पुन्हा १०० गाड्या मोजा. पहिल्या आठवड्यातला आकडा धरू नका. नवं काही दिसलं की सगळेच दबकून चालवतात, सरावले की वेग परत चढतो. वेग उतरला नसेल तर तसंच लिहा आणि कोपरा आणखी आवळा.

आणि दर पंधरवड्याला कुणीतरी ठरलेल्या माणसाने झाडू घेऊन फेरी मारायची. वळणाच्या आतल्या बाजूचा एकच खांब पुन्हा पुन्हा आडवा होत असेल तर तिथे तो लावू नका, रेघ ३० सेंटिमीटर मागे घ्या. मोठ्या गाडीचं मागचं चाक तिथूनच जातंय. तुटलेला खांब काढताना बुडाची गादी गरम करून खरवडा, खालचं डांबर हाताने चाचपून बघा. उंचवटा राहिलेला नाही ना, एवढी खात्री करून मगच उठा.